व्हायरल लोड वर गेलाय, म्हणजे गोळ्यांना रेझिस्टन्स आला असं समजायचं का?

शांतकिनारा

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, कारण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि बायको सोडून कुणाशी या विषयावर बोलता येत नाही. वय ४६, एचआयव्हीचं निदान होऊन ११ वर्षं झाली, गोळ्या तेव्हापासून चालू. सुरुवातीला टेनोफोविर-लॅमिवुडिन-एफाविरेंझ होतं, रात्री झोपताना एक गोळी, मग साधारण चार वर्षांपूर्वी बदलून डोल्युटेग्राविरवाली दिली, टीएलडी म्हणतात ती, टेनोफोविर-लॅमिवुडिन तेच, फक्त एफाविरेंझच्या जागी डोल्युटेग्राविर. बदलली तेव्हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, दबलेलाच होता आणि त्यानंतरही दर वेळी रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' एवढंच यायचं, त्या तीन शब्दांची इतकी सवय झालेली की या वेळी कागदावर आकडा दिसला तेव्हा आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट हातात पडलाय. ४,२६० कॉपीज. नाव बघितलं, वय बघितलं, माझाच होता. घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत दहा वेळा काढून बघितला असेल, जणू आकडा बदलणार आहे.

सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ६१२ आहे, म्हणजे मागच्यापेक्षा जरा कमी पण चांगलाच. तब्येतीला काही नाही, वजन तेवढंच, ताप नाही खोकला नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले की गोळी हीच चालू ठेवा, समुपदेशकाला भेटा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. मी म्हटलं रेझिस्टन्सची टेस्ट, म्हणजे व्हायरस औषधाला जुमानेनासा झालाय का ते बघायची? तर म्हणाले आत्ता नाही. मला हे पटत नाहीये. गोळी काम करत नसेल तर तीच गोळी आणखी तीन महिने का घ्यायची, त्या तीन महिन्यांत व्हायरस आणखी शिकणार नाही का? गोळ्या चुकतात का असं विचारलं तर मी नाही म्हणालो, म्हणजे कधीतरी एखादी राहिली असेल, पण ११ वर्षांत मी असा कधी बेफिकीर वागलेलो नाही.

बायको निगेटिव्ह आहे. तीच माझ्या गोळ्यांची बाटली महिन्याच्या शेवटी हलवून बघते किती उरल्यात ते. तिला सांगितलं तर तिने फक्त एवढंच विचारलं, "आता काय करायचं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी हे बघितलंय त्यांनी कृपया खरं काय ते सांगा. हा रेझिस्टन्सच आहे का, पुढे औषधं शिल्लक आहेत का, आणि मी बदल मागण्यासाठी हट्ट धरू का?

आभाळमोकळं

दादा, घाबरू नका असं सांगणार नाही, कारण माझा असा रिपोर्ट आला होता तेव्हा ते वाक्य ऐकून मला रागच यायचा. मी १६ वर्षं गोळ्यांवर आहे, त्यातली शेवटची ९ सेकंड लाईनवर, म्हणजे पहिली औषधं निकामी झाल्यावर देतात त्या दुसऱ्या संचावर. माझ्या बाबतीत रेझिस्टन्सच निघाला होता, तो कसा आला ते सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल.

तेव्हा माझ्याकडे झिडोवुडिन-लॅमिवुडिन दिवसातून दोनदा आणि रात्री एफाविरेंझ असं होतं. एफाविरेंझ घेतलं की तासाभरात पायाखालची जमीन हलल्यासारखं व्हायचं, डोकं गरगरायचं, स्वप्नं तर अशी पडायची की उठल्यावर अर्धा तास खरं काय खोटं काय कळायचं नाही. नाईट ड्युटी लागली की मी ती एक गोळी गाळायचो, बाकीच्या घ्यायचो, आणि मनाचं समाधान करायचो की दोन तर घेतल्यात ना. मग घरात मोठं आजारपण आलं, हॉस्पिटलच्या चकरा सुरू झाल्या, माझ्या गोळ्या संपल्या आणि तीन आठवडे मी आणायलाच गेलो नाही. माझा समज असा की सगळ्या एकदम बंद केल्या तर सगळ्यांचा असर पण एकदम संपतो, मग व्हायरसला शिकायला काय मिळणार. तसं नसतं हे नंतर कळलं. एफाविरेंझ शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायलाच दोन दिवसांच्या आसपास लागतात, बाकीची दोन औषधं त्याच्या आधी निघून जातात, म्हणजे मागे एकटं एफाविरेंझ उरतं आणि तेही रोज थोडं थोडं कमी होत जातं. एकट्या औषधासमोर व्हायरसला मोकळं रानच मिळतं.

माझ्या जीनोटाइपच्या, म्हणजे रेझिस्टन्सच्या टेस्टच्या, कागदावर व्हायरसमधल्या दोन बदलांची नावं होती, के१०३एन आणि एम१८४व्ही, अजून पाठ आहेत. पहिल्यामुळे एफाविरेंझ आणि नेव्हिरॅपिन दोन्ही गेली, एका बदलात दोन्ही, आणि दुसऱ्यामुळे लॅमिवुडिन. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, माझा व्हायरल लोड वर गेल्यावर सुद्धा सीडी४ कितीतरी महिने पाचशेच्या वरच होता, मी त्यावरच निर्धास्त राहिलो. सीडी४ मागून घसरतो. त्यामुळे ६१२ बघून गाफील राहू नका, पण तुमचं आणि माझं एक नाही, तुम्ही डोल्युटेग्राविरवर आहात, ते एफाविरेंझसारखं एका बदलात कोलमडत नाही. बाकी इथल्या जाणकारांना सांगू द्या.

निळीछत्री

माझ्या मावसभावाचं सेम असंच झालेलं. त्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच रिपोर्टवर औषध बदललं, तीन महिने वगैरे थांबवलं नाही, आज तो ठणठणीत आहे. त्यामुळे मी म्हणेन की हट्ट धरा, गप्प बसू नका. आणि मी असंही ऐकलंय की महिना-दीड महिना गोळ्यांना सुट्टी दिली की रेझिस्टन्सवाला व्हायरस निघून जातो आणि परत साधा येतो, मग जुनी गोळी पुन्हा लागू पडते. खरंखोटं माहीत नाही पण विचारून बघायला काय हरकत आहे.

पिपेटवाली

निळीछत्री, तुम्ही काळजीने लिहिलंय हे कळतंय, पण सुट्टीवाली गोष्ट कृपया कुणीही करून बघू नका, मला हे वाचून राहवलं नाही म्हणून जेवण बाजूला ठेवून लिहितेय. मी व्हायरॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, जीनोटाइपचे सॅम्पल माझ्या टेबलावरून जातात.

आधी हे रेझिस्टन्स प्रकरण नेमकं काय ते सांगते. व्हायरसकडे स्वतःची नक्कल करायचं जे एन्झाइम असतं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, ते लिहिताना चुका करतं आणि लिहिलेलं तपासत नाही. व्हायरसची अख्खी पोथी साधारण ९,७०० अक्षरांची, आणि तीनेक नकलांमागे कुठेतरी एक अक्षर चुकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण औषध नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला हजार कोटींच्या घरात नवे व्हायरस तयार होतात, म्हणजे एका अक्षराची जी जी चूक शक्य आहे ती रोजच कुठे ना कुठे होतेच. म्हणजे औषध व्हायरसला काही शिकवत नाही, चुका आधीच पडून असतात, औषध फक्त निवड करतं, बाकीचे मरतात आणि ज्याच्या चुकीमुळे औषध चिकटत नाही तो उरतो. १९८७ मध्ये झिडोवुडिन आलं, एकटंच द्यायचे, आणि १९८९ मध्ये त्याला न जुमानणारे व्हायरस सापडल्याचं छापून पण आलं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायला लागले ती त्यासाठीच, कारण एकाच नकलेत तिन्हींविरुद्धच्या चुका एकदम जुळून येणं फार अवघड.

आता यातून दोन गोष्टी निघतात. औषध पूर्ण असेल तर नकलाच होत नाहीत, मग चुका कुठून होणार. औषध अजिबातच नसेल तर नकला धो धो होतात पण निवड करणारं कुणी नसतं. खरा धोका मधल्या पट्ट्यात, म्हणजे रक्तात औषध आहे पण पुरेसं नाही. गोळी एक दिवस आहे एक दिवस नाही, किंवा घेतोय पण शोषलीच जात नाही, तिथे रेझिस्टन्स तयार होतो.

सुट्टी दिल्यावर काय होतं? हो, साधा व्हायरस वर येतो, कारण बऱ्याचशा चुकांमुळे व्हायरस जरा लंगडा होतो आणि औषध नसताना साधा त्याला मागे टाकतो. एम१८४व्ही तर काही आठवड्या-महिन्यांत टेस्टमध्ये दिसेनासा होतो. पण दिसेनासा होणं म्हणजे जाणं नव्हे. त्याची प्रत लांब आयुष्य असलेल्या सीडी४ पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसलेली असते, वर्षानुवर्षं. औषध परत सुरू केलं की ती प्रत बाहेर येते. दरम्यान सीडी४ पडतो तो वेगळाच. म्हणून सुट्टीचा फायदा शून्य आणि तोटा मोठा.

टेस्ट लगेच का नाही, यावर पण. जीनोटाइप करायला रक्तात पुरेसा व्हायरस लागतो, ५०० ते १००० कॉपीजच्या खाली बऱ्याचदा टेस्ट चालतच नाही. तुमचा ४,२६० आहे, चालेल. पण सॅम्पल गोळ्या चालू असताना द्यायचं, बंद करून महिना उलटला असेल तर रेझिस्टन्सवाले मागे पडलेले असतात आणि कागदावर खोटंच 'सगळं ठीक' येतं. नेहमीच्या पद्धतीत एखादा बदल वीसेक टक्के व्हायरसमध्ये असेल तरच दिसतो. आणखी एक, डोल्युटेग्राविर ज्या भागावर काम करतं तो इंटिग्रेज, तो नेहमीच्या जीनोटाइपमध्ये धरलेला नसतो, वेगळा सांगावा लागतो. असे सॅम्पल आमच्याकडे येतात, माणूस डोल्युटेग्राविरवर आणि फॉर्मवर इंटिग्रेजची खूणच नाही, मग फोन करून विचारावं लागतं. टेस्टची वेळ आली तर तुम्ही स्वतः आठवण करा.

बाय द वे, हा ब्लिप नाही. ब्लिप म्हणजे ६०, १२० असा एखाद वेळी वर येऊन परत खाली जाणारा आकडा. ४,२६० ला काहीतरी कारण असणार, आणि ते कारण शोधायला तुमच्याशिवाय कुणी मदत करू शकत नाही. त्यामुळे चिडू नका पण परत विचारते, गेल्या सहा महिन्यांत गोळी घेण्याच्या पद्धतीत, वेळेत किंवा बाकीच्या औषधांत काही बदल झाला का? अगदी साध्यासुध्या, दुकानातून आणलेल्या गोष्टी पण सांगा.

शांतकिनारा

ताई, तुमचं तीन वेळा वाचलं. मग बायकोला घेऊन बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून गेले सहा-सात महिने आठवून काढले. मी जे लिहिलं होतं की एखादी राहिली असेल, ते पूर्ण खरं नाही. कामाची वेळ बदलल्यापासून जी गोळी सकाळी घ्यायचो ती रात्री घ्यायला लागलो, आणि दमून आलो की तसाच झोपायचो. महिन्यात तीन-चार तरी गेल्या असतील. बाटलीत जास्तीच्या उरायच्या तेव्हा मी तिला सांगायचो की मागच्या महिन्याच्या आहेत. हे लिहिताना लाज वाटतेय पण लिहितो.

आणि दुसरं, जे मला कधी सुचलंच नसतं. त्याच सुमाराला ॲसिडिटीचा त्रास सुरू झाला, छातीत जळजळ, म्हणून अँटासिड, तो पांढरा पातळ प्रकार असतो ना तो, रोज रात्री दोन झाकणं घ्यायचो. आणि लक्षात राहावी म्हणून एचआयव्हीची गोळी त्याच्या बाटलीशेजारीच ठेवली होती. गोळी तोंडात टाकायची आणि वरून अँटासिड, रोज, उपाशीपोटी, कारण जळजळीमुळे रात्री खाणंच बंद केलं होतं. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही कारण ते औषध आहे असं मला वाटलंच नाही. याने काही होतं का?

ओपीडीनंतर

होतं, आणि चांगलंच होतं. मी एआरटीचे, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांवरचे, पेशंट बघतो, धागा कालच वाचला होता, तुमच्या या उत्तराची वाट बघत होतो.

डोल्युटेग्राविर काम कसं करतं तर व्हायरसच्या इंटिग्रेज एन्झाइममध्ये मॅग्नेशियमचे दोन आयन बसलेले असतात, हे औषध त्या आयनांना धरून बसतं आणि एन्झाइमचं काम अडवतं. धातूला धरायचा हा जो त्याचा गुण तोच पोटात अडचण करतो. तुमच्या अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असणार, गोळी पोटातच त्यांना चिकटते आणि रक्तात जातच नाही. दोन्ही एकदम घेतलं तर रक्तातलं औषध जवळपास तीन चतुर्थांशांनी कमी होतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही नेमाने गोळी घेतलीत त्या दिवशी सुद्धा पाव गोळीच पोचली. वरून महिन्यातल्या तीन-चार पूर्ण गेलेल्या. टेनोफोविर-लॅमिवुडिन मात्र पोचत होते, त्यामुळे सगळं मोकळं नव्हतं.

नियम असा, डोल्युटेग्राविर अशा अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त तिथे एक सवलत आहे, जेवणाबरोबर घेतलं तर डोल्युटेग्राविर आणि कॅल्शियम किंवा लोह एकत्र चालतं. झिंक असलेल्या मल्टीव्हिटॅमिनकडे पण लक्ष ठेवा. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गटातली गोळी डोल्युटेग्राविरला त्रास देत नाही, पण ती सुद्धा आधी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी कोणती औषधं चालू आहेत? टीबीचं रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, फिटची कार्बामॅझेपिन वगैरे असतील तरी मामला बदलतो, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन असेल तर उलट मेटफॉर्मिनचं प्रमाण रक्तात वाढतं, तिचा डोस दिवसाला १००० मिग्रॅच्या वर सहसा जाऊ देत नाहीत.

आता तीन महिन्यांचा प्रश्न. निळीछत्री, तुमच्या मावसभावाचं पण चुकीचं झालं नसावं. तो बहुतेक एफाविरेंझ किंवा नेव्हिरॅपिनवर असणार. त्या गटात एका बदलात औषध निकामी होतं, म्हणून व्हायरल लोड १००० च्या वर गेला तर एका रिपोर्टवर सुद्धा बदलायची मुभा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. डोल्युटेग्राविरवर असलेल्याचं तसं नाही. तिथे आधी गोळी नीट जाते का ते बघायचं, मदत करायची, तीन महिन्यांनी परत टेस्ट, आणि दुसऱ्यांदाही १००० च्या वर आला तर अपयश म्हणायचं. कारण डोल्युटेग्राविरवर लोड वाढलेल्या बहुतेकांमध्ये औषध पोचत नसतं, व्हायरस बदललेला नसतो. शांतकिनारा, तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते योग्यच सांगितलं, हट्ट धरून तुम्ही चांगलं औषध विनाकारण सोडलं असतं.

पण यावरून डोल्युटेग्राविरला रेझिस्टन्स येतच नाही असं कुणी समजू नये, मी हे कळकळीने लिहितोय कारण हल्ली पेशंटच नाही, आमच्यातले काही जणही तसं बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात डोल्युटेग्राविर देऊनही लोड न दबलेल्यांच्या पाहण्यांमध्ये रेझिस्टन्स ३.९ ते ८.६ टक्के दिसला, आणि जे आधीच्या औषधांवर होते व लोड वर असतानाच डोल्युटेग्राविरवर नेले गेले त्यांच्यात १९.६ टक्क्यांपर्यंत. तुमचा लोड बदलाच्या वेळी दबलेला होता ही तुमच्या बाजूची गोष्ट. आर२६३के, जी११८आर आणि १४८ नंबरच्या जागेवरचे बदल, ही नावं आम्ही इंटिग्रेजच्या रिपोर्टमध्ये शोधतो, त्यातले काही एकत्र आले की डोल्युटेग्राविरचा जोर खरंच कमी होतो.

शिल्लक काय आहे हा तुमचा प्रश्न होता. बरंच आहे. प्रोटीएज गटातलं, म्हणजे व्हायरसच्या प्रोटीएज या वेगळ्या एन्झाइमला अडवणारं, अटाझानाविर, डारुनाविर, सोबत रिटोनाविर. या गटालाही रेझिस्टन्स यायला बरेच बदल साठावे लागतात. जुनी टेनोफोविर-लॅमिवुडिन सुद्धा पूर्ण वाया जात नाहीत, नाडिया नावाची चाचणी युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेत झाली होती, त्यात जीनोटाइपवर या दोघांना रेझिस्टन्स दिसत असताना सुद्धा डोल्युटेग्राविरबरोबर हीच जोडी देऊन बहुतेकांचा लोड दबला. आणि ज्यांना अनेक गटांना रेझिस्टन्स आहे त्यांच्यासाठी लेनाकापाविर आहे, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, पण ते बाकीच्या औषधांच्या जोडीनेच. तुम्ही त्या टप्प्याच्या जवळपासही नाही.

पत्नीबद्दल स्पष्ट लिहितो. लोड दबलेला असताना संबंधांतून संसर्ग होत नाही हे पक्कं आहे, पण ४,२६० ला ते लागू नाही. रिपोर्ट परत दबलेला येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम, त्यांची टेस्ट आत्ता आणि मग परत एकदा, आणि प्रेप, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसाने आधीच घ्यायचं औषध, त्यांना हवं का ते डॉक्टरांशी बोला. हे आजच करा, तीन महिन्यांनी नाही.

आभाळमोकळं

डॉक्टर, एक भर घालतो, कारण इथे कुणी वाचून सरसकट करेल. पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल डोल्युटेग्राविरला चालतं, पण माझ्यासारखे जे अटाझानाविरवर आहेत त्यांना ते चालत नाही, अटाझानाविरला विरघळायला पोटातलं आम्लच लागतं. मला सुरुवातीला डोळे पिवळट झाले म्हणून कावीळ समजून एकाने ॲसिडिटीची गोळी आणि लिव्हरचं टॉनिक सुचवलं होतं, नशिबाने विचारून घेतलं. ते पिवळेपण अटाझानाविरमुळेच असतं, बिलिरुबिन जरा वर राहतं.

आणि माझ्या कागदावर एम१८४व्ही असून सुद्धा मला लॅमिवुडिन चालूच ठेवलंय, त्याचं कारण मी कित्येक वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. ताई, ते सांगाल का?

पिपेटवाली

छान विचारलंत. एम१८४व्ही म्हणजे १८४ व्या जागेवर मेथिओनिन असायचं ते जाऊन व्हॅलिन आलं. त्यामुळे लॅमिवुडिन त्या जागी नीट बसत नाही, पण व्हायरसचं नक्कल करायचं यंत्र पण त्यामुळे मंदावतं, आणि टेनोफोविर व झिडोवुडिन त्याच्यावर उलट जास्त चांगलं काम करतात. लॅमिवुडिन चालू ठेवलं की तो बदल टिकून राहतो, म्हणजे व्हायरस लंगडाच राहतो. लॅमिवुडिनचा त्रासही फारसा होत नाही. म्हणून डॉक्टर ते काढत नाहीत. के१०३एनचं असं नाही, त्याचं व्हायरसला फारसं ओझं होत नाही, तो औषध बंद असतानाही लांबपर्यंत दिसत राहतो आणि दुसऱ्या माणसात गेला तर तिथेही टिकतो. म्हणूनच कधीच औषध न घेतलेल्या लोकांत एफाविरेंझ-नेव्हिरॅपिनचा रेझिस्टन्स १० टक्क्यांवर गेला की त्यांना पहिली पसंती म्हणून द्यायचं नाही असं ठरलं, आणि २०१९ मध्ये डोल्युटेग्राविर जगभर पहिल्या पसंतीचं झालं, त्यामागचं हे एक मोठं कारण.

निळीछत्री

मावसभावाला विचारलं, तो खरंच एफाविरेंझवर होता. सुट्टीबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेतो. कुणी त्यावरून काही करू नका.

शांतकिनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत डॉक्टरांकडे गेलो, अँटासिडची बाटलीच सोबत नेली. त्यांनी लेबल वाचलं आणि बाटली स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली. चुकलेल्या गोळ्यांचं पण सांगितलं, मला वाटलं ओरडतील, त्यांनी फक्त पेन काढून केसपेपरवर लिहिलं आणि विचारलं की कामावरून किती वाजता येता. गोळी परत सकाळी घ्यायची ठरलं, ब्रशच्या कपाशेजारी ठेवलीये. ॲसिडिटीला पॅन्टोप्राझोल दिलंय. बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली. बाटलीचं मी तिला खोटं सांगत होतो हेही तिला सांगितलं, ते सगळ्यात अवघड गेलं. आता आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणलीये, रविवारी दोघं मिळून भरतो.

शांतकिनारा

साडेतीन महिन्यांनी परत लिहितोय, कुणीतरी असंच शोधत इथे येईल म्हणून. एकही गोळी चुकली नाही, डबीचा कप्पा रोज रिकामा. आजचा रिपोर्ट ६४ कॉपीज. ४,२६० वरून ६४. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडतंय, बदल नाही, जीनोटाइपची आत्ता गरज नाही आणि एवढ्या कमी आकड्यावर ती चालणारही नाही, तीन महिन्यांनी परत बघू. मी 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' ची वाट बघत होतो त्यामुळे थोडं खट्टू वाटलं. हा ६४ म्हणजे काही मागे राहिलंय का? बायकोची दुसरी टेस्ट पण निगेटिव्ह आहे.

ओपीडीनंतर

फार चांगली बातमी. व्हायरस खरोखर बदललेला असता तर त्याच गोळीवर लोड सहसा असा खाली आला नसता. ५० ते १००० च्या मधला आकडा आला की आम्ही तेच करतो जे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी नीट चालू आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट. ६४ हा खाली येणाऱ्या लोडच्या शेपटीचा भाग असू शकतो किंवा ब्लिप, पुढच्या रिपोर्टमध्ये कळेल. तोपर्यंत कंडोम चालू ठेवा.

पिपेटवाली

खूप बरं वाटलं वाचून! एक छोटीशी गोष्ट, काही लोक व्हायरल लोडचं रक्त द्यायला यायचं म्हणून त्या सकाळची गोळी घेतच नाहीत, त्यांना वाटतं उपाशी यायचं असतं. तसं काही नसतं. तुमची गोळी आता सकाळची आहे, तर त्या दिवशीही नेहमीच्या वेळेला घ्या आणि मग रक्त द्यायला जा. पुढचा आकडा इथे नक्की टाका.